रोज गोळप ते मिरजोळे, महिन्याला कोल्हापूर आणि वर्षातून एक मोठी ट्रिप: एकच बाईक घ्यायची तर कुठली?

गोळपवाला

नमस्कार मंडळी, पाडव्याला नवीन बाईक घ्यायचं चाललंय आणि यूट्यूब बघून बघून डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून इथे विचारतोय.

मी राहायला गोळपला आणि कामाला मिरजोळे एमआयडीसीत. म्हणजे रोज सकाळी भाट्याचा पूल, मग रत्नागिरी शहरातून जयस्तंभ, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं. जाऊन येऊन पस्तीसेक किलोमीटर होतात. आत्ता १२५ सीसी आहे, अकरा वर्षं झाली, पंचावन्नच्या खाली ॲव्हरेज कधी दिलं नाही आणि इंजिन अजून ठणठणीत आहे, पण सासर कोल्हापूरला असल्यामुळे महिन्यातून एकदा आंबा घाट ठरलेलाच, आणि तिथे बायको मागे, दोन्ही बाजूंना बॅगा आणि पुढे लोडेड ट्रक असला की दुसऱ्यावर टाकून नुसतं रडगाणं ऐकत त्याच्या धुरात वर चढायचं, ओव्हरटेकचं नाव नाही.

शिवाय दोन स्वप्नं आहेत. एक म्हणजे सागरी मार्गाने वर अलिबागपर्यंत जायचं, जयगडपासून सगळ्या फेरीबोटी करत. दुसरं म्हणजे डिसेंबरात इथून कन्याकुमारी.

उंची ५ फूट ५ इंच, वजन ६२. बजेट ऑन रोड अडीच लाख, फार तर थोडं वर. बघितलेल्या गाड्या: हंटर ३५०, मिटिऑर ३५०, होंडा सीबी ३५०, व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि एक्सपल्स. मन मात्र हिमालयन ४५० वर बसलंय, ती बजेटमध्ये बसत नाही पण हप्ता वाढवला तर बसेल असं मित्र म्हणतात (मित्रांचं काय जातंय).

हो, एक राहिलं, बायकोला कमरेचा त्रास आहे, मणक्यात गॅप सांगितलीय, तेव्हा मागची सीट जरा बरी हवी.

बोरिवली_ते_राजापूर

भावा, एकच सांगतो, सीसी कमी घेऊन नंतर पस्तावू नकोस. मी दर गणपतीला आणि शिमग्याला बोरिवलीतून राजापूरला डॉमिनार ४०० ने येतो, ४० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच) ताकद आहे, कशेडीचा बोगदा झाल्यापासून तर पोलादपूर ते खेड कधी गेलं कळत पण नाही, शंभरला गाडी नुसती गुणगुणत असते आणि एसटी असो कंटेनर असो, चौथ्यात टाकली की मागे. ३५० वाल्या बुलेट फॅमिलीत २० बीएचपी, म्हणजे वजन १९० च्या घरात आणि ताकद डॉमिनारच्या निम्मी. हायवेला शंभरच्या पुढे गेलं की दम लागतो त्यांना. तू कन्याकुमारीचं बोलतोयस, तिथे चारशेच पाहिजे. हप्ता दोन हजारांनी वाढेल, बाकी काय.

चिपळूणचा_पाना

गॅरेज आहे माझं, वीस वर्षं होत आली, त्यामुळे मी जरा वेगळ्या बाजूने बोलतो. लोक गाडी घेताना तिची ताकद बघतात, मी बघतो ती तीन पावसाळ्यांनंतर कशी दिसते. आपल्याकडे पाऊस नुसता पडत नाही, चार महिने मुक्कामाला असतो, आणि तू तर भाट्याच्या पुलावरून दिवसातून दोनदा जाणार, म्हणजे खारा वारा बारा महिने. पुलावर उभं राहून ओठावरून जीभ फिरवलीस तर खारट लागतं ना, तेच सगळं गाडीला लागतं.

पहिला गंज कुठे धरतो सांगू? स्पोकच्या टोकाला जे छोटं निप्पल असतं ना रिममध्ये, तिथे. वरून स्पोक चकचकीत दिसतो आणि निप्पल आतून जाम झालेलं असतं, मग रिम आऊट झाली म्हणून ताण द्यायला गेलं की स्पोक फिरायच्या ऐवजी तुटतो. त्यानंतर सायलेन्सरचा खालचा बेंड, सेंटर स्टँडचा पिन, आणि करंटच्या वायरींचे जोड, म्हणजे कपलर. पावसात हेडलाईट मधूनच जातो, सेल्फ कधी लागतो कधी लागत नाही, अशा तक्रारींच्या निम्म्या गाड्यांत कपलरमध्ये हिरवा थर सापडतो मला. म्हणून तुझं रोजचं जाणं बघता मी मॅगव्हील (बिनस्पोकचं अखंड चाक) आणि ट्यूबलेस टायर म्हणेन. एक्सपल्स मस्त गाडी आहे, कातळावरून, पाखाडीवरून, कुठूनही काढा, पण तिला स्पोक आणि ट्यूब आहे. रात्री साडेनऊला आंबा घाटात ट्यूब पंक्चर झाली की चाक काढायचं, टायर उघडायचा, बायको टॉर्च धरून उभी. ट्यूबलेसला खिळा तसाच ठेवून घाटाखाली साखरप्यापर्यंत हवा मारत मारत येता तरी येतं. हंटर घेतलीस तर तिचं मॅगव्हीलवालं मॉडेल घे, स्वस्तवाल्याला स्पोक येतात.

चारशे सीसीचं म्हणशील तर गाडी वाईट नाही, पण तुला रोज साळवी स्टॉपला शाळा सुटायच्या टायमाला पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायचंय. ४० पीएसची ताकद मिळते ती वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरत असताना. मिटिऑर-हंटरचा जोर २७ न्यूटन मीटर आहे पण तो ४००० आरपीएमला मिळतो, सीबी ३५० चा ३० आहे तो ३००० लाच. डॉमिनारचा ३५ आहे पण साडेसहा हजारांच्या पुढे. डबलसीट घाट चढताना आणि गर्दीत रांगताना खालचा जोर कामाला येतो, वरचा हायवेला. आता तुझा रोजचा रस्ता कुठला ते तूच बघ.

आणि कुठलीही घे, १२५ विकू नकोस. पंधरा-वीस हजार येतील फार तर. पावसाळ्यात तीच वापर, नवीन घरात झाकून ठेव, टाकी फुल्ल करून ठेव मात्र. हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत ओली हवा कोंडली की आतून गंज सुरू.

कुडाळचो_झिल

माका इचारशीत तर गाडी घेवच नको! मी युनिकॉर्न घेऊन कन्याकुमारीक जावन इलंय, काय एक त्रास नाय झालो.

आता सगळ्यांना कळायला पाहिजे म्हणून साध्या मराठीत लिहितो. कुडाळहून निघालो, गोवा, कारवार, गोकर्णला पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी मरवंथेला रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, तिथे दोन तास बसून राहिलो त्यामुळे मंगळूरला पोचायला अंधार पडला. पुढे कण्णूर, मग कोची, मग सरळ खाली. आपला मुंबई-गोवा हायवे तोच पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत जातो, ६६ नंबर, चुकायचा प्रश्नच नाही. दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर, स्पीड साठ-सत्तर, केरळात तर रस्त्याचं काम आणि गावाला लागून गाव, तिथे चारशे सीसीवाला पण माझ्याच मागे उभा होता.

मी सांगतो तुमका, लांब जायला सीसी नाही, बूड लागतं. रोज दीडशे किलोमीटरनंतर माझं जे दुखायला लागायचं ते इंजिनाने नाही, सीटने. मी तर एकटा होतो. तू वहिनींना नेणार आणि त्यांची कंबर दुखते हे तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, ते पहिल्या ओळीत पायजे होतं.

गुहागरची_मास्तरीण

कुडाळचे दादा अगदी बरोबर बोलले, मी तेच लिहायला आले होते.

मी ५ फूट २ इंच. शाळेत जायला रोज बावीस किलोमीटर, हंटर ३५० चालवते, दीड वर्ष झालं. घेतली तेव्हा सगळे म्हणाले, बाईमाणसाला १८१ किलो झेपणार नाही. चालवताना झेपतं हो, चालती गाडी जड नसते. जड असते उभी. आपल्याकडे सपाट जागा आहे कुठे? शाळेच्या बाहेर उतार, घराबाहेर उतार, बाजारात गटाराकडे उतार. उताराला तोंड करून गाडी लावली आणि मग मागे ओढायची वेळ आली की कळतं सीटची उंची म्हणजे काय. हंटरची ७९० मिमी आहे म्हणून माझी बोटं तरी नीट टेकतात. व्ही-स्ट्रॉमची ८३५. वजनाला ती १६७ किलोच, पण गोळपवाले दादा, तुमच्या उंचीला एका बाजूचा पाय टेकेल आणि दुसरा हवेत, आणि मागे वहिनी बसत असतील, तेव्हाच गाडी हलते. हिमालयन ४५० ची ८२५ आणि वजन १९६, बघा बुवा.

हंटरबद्दल खरं सांगायचं तर एकट्याला एक नंबर, पण मागची सीट लहान आणि माझ्या जुन्या मॉडेलचे मागचे शॉकअप कडक आहेत. २०२५ च्या मॉडेलात स्प्रिंग बदलल्यात, त्या मऊ आहेत म्हणतात, तरी कमरेचा त्रास असलेल्या माणसाला मी मागे बसवणार नाही.

आणि फेरीबोटींचं. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेश्वी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा अशा चार लागतील तुम्हाला, मधे हेदवी, वेळणेश्वर, आंजर्ले, केळशी, हरिहरेश्वर, काय वाटेल ते बघा. मी पहिल्या दोन नेहमी करते. गाडी चढवताना भरती असली तर सोपं, बोटीची लोखंडी फळी जवळजवळ सरळ असते. पूर्ण ओहोटीला जेटीचा तो भाग उघडा पडतो जो एरवी पाण्याखाली असतो, म्हणजे हिरवं शेवाळ, त्यावर ओली फळी, आणि मागून फाटकन् हॉर्न देणारा टेम्पो. दाभोळला एकदा माझं पुढचं चाक फळीवर आणि मागचं शेवाळावर असं झालं, मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं, गाडी तिरकी झाली, बोटीवरच्या पोराने मागून कॅरिअर धरलं म्हणून मी आज हे लिहितेय. तेव्हापासून मागे बसणारा आधी उतरून चालत बोटीत, ब्रेक फक्त मागचा आणि तोही हलका, आणि भरतीची वेळ बघूनच घरातून निघते.

भरती कशी काढायची ते आमच्याकडे पोरंटोरं सांगतात: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या आसपास पूर्ण भरती, तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी.

साडवलीचा_हिशोबनीस

बोरिवलीचे भाऊ म्हणतात हप्ता दोन हजारांनी वाढेल, बाकी काय. बाकी काय ते मी सांगतो, मला आकडे मांडल्याशिवाय झोप येत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकला जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि ३५० च्या वर ४० टक्के. आधी वरच्या गाड्यांना सेस धरून ३१ होता. म्हणजे ३४९ सीसीची गाडी (नावात ३५० असली तरी) आणि ४०० ची गाडी यांच्यात करातच केवढी दरी पडली. इन्शुरन्सचं पण तसंच. थर्ड पार्टीचे २०२२ मध्ये ठरलेले दर बघ, १५० ते ३५० सीसीला वर्षाला १३६६ रुपये आणि ३५० च्या वर २८०४. ही रेघ नेमकी ३५० वर आहे म्हणून ३४९ आणि ३४८ सीसीच्या गाड्या बरोबर तिच्या आत बसतात.

पेट्रोल: तुझे रोजचे ३५ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस धरले तर ९१० किलोमीटर. १२५ ला पंचावन्नने साडेसोळा लिटर. ३५० ला पस्तीसने सव्वीस लिटर. साडेनऊ लिटरचा फरक, म्हणजे महिन्याला हजाराच्या आसपास नुसतं कामावर जायला जास्त. त्यामुळे पानादादांचं १२५ ठेवायचं मत मला पटतं, पावसाळ्याचे चार महिने ती वापरलीस तरी वर्षाला चार हजार वाचतात, आणि कन्याकुमारीला जाताना तेच टाकीत घाल.

बोरिवली_ते_राजापूर

हिशोबनीस साहेब, मान्य. पण गाडी काय नुसती हिशोबाने घ्यायची असते काय? मग सगळ्यांनी एसटीचा पासच काढला असता.

साडवलीचा_हिशोबनीस

मी पासच वापरतो 😀

वेंगुर्ल्याचा_वारा

सर्व्हिसबद्दल कुणी बोलत नाही म्हणून माझा अनुभव. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. दोन वर्षांपूर्वी मी एक भारीपैकी ॲडव्हेंचर गाडी घेतली, दिसायला अशी की पेट्रोल पंपावर लोक फोटो काढायचे. जुलैत समोरून आलेल्या बैलाला चुकवताना हळूच आडवी झाली, मला खरचटलं पण नाही, गाडीचा क्लच लिव्हर आणि रेडिएटरला लागून असलेला एक प्लॅस्टिकचा ब्रॅकेट तुटला. लिव्हर मिळाला चार दिवसांत. ब्रॅकेट सात आठवडे नाही. सात आठवडे! गाडी कोल्हापूरला सर्व्हिस सेंटरमध्ये आणि मी वेंगुर्ल्यात मेव्हण्याच्या स्कूटीवर. दर सोमवारी फोन करायचो, ते म्हणायचे पुण्याहून निघालाय. शेवटी गणपती विसर्जन झालं आणि ब्रॅकेट आला.

तेव्हा गाडी बघायला जाशील तेव्हा शोरूममध्ये गाडी बघू नको, मागे वर्कशॉपमध्ये जा. तिथे किती गाड्या धूळ खात उभ्या आहेत ते बघ आणि त्यांच्या मालकांशी बोल. आणि क्लच लिव्हर, ब्रेक लिव्हर, आरसा, क्लच केबल हे आज शेल्फवर आहे का विचार. आहे म्हणाले तर दाखवा म्हण.

चिपळूणचा_पाना

वाऱ्याने लाखातलं सांगितलं. लिव्हर आणि क्लच केबल तर नवीन गाडीच्या पहिल्या दिवसापासून सीटखाली पाहिजे.

आता वहिनींच्या कमरेचं. लोक सीट बदलतात, जेलची उशी टाकतात, कुणी मेंढीचं कातडं टाकतं, पण शॉकअपला कोण हात लावत नाही. मागच्या शॉकअपला खाली खाचांची रिंग असते, पाना लावून फिरवली की स्प्रिंग दाबली जाते. मिटिऑरला सहा खाचा आहेत. शोरूममधून गाडी येते ती एका माणसाच्या हिशोबाने. डबलसीट आणि बॅगा टाकल्या की मागचा भाग बसतो, खड्डा आला की शॉकअप पूर्ण दबून आतल्या आत ठोका बसतो, आणि तो ठोका सरळ मागच्याच्या कमरेत. लोकांना वाटतं कडक केलं तर जास्त लागेल. होतं उलटं, दोन खाचा वाढवल्या की ठोका जातो. मागच्या टायरला पण डबलसीटची हवा वेगळी असते, चेनच्या कव्हरवर स्टिकर असतो, वाचत कोणी नाही.

टेस्ट राईडला पेट्रोल पंपापर्यंत जाऊन परत येऊ नकोस. वहिनींना घेऊन जा, आणि चढणीवर ने.

आणि जाता जाता एक, गाडीत कधी पाणी शिरलं तर सेल्फ मारायचा नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे गाड्यांची रांग लागली होती, नुसत्या बुडालेल्या गाड्या मी तेल बदलून, प्लग काढून, सुकवून चालू करून दिल्या. ज्यांनी उत्साहाने सेल्फ मारून बघितला त्यांच्या सिलिंडरमध्ये पाणी, पाणी काय दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकडे. वीसएक माणसांना मी तेव्हा शिव्या दिल्या असतील.

गोळपवाला

सगळ्यांचे आभार, आणि कुडाळच्या भावाने जे सुनावलं ते घरी वाचून दाखवलं, तेव्हापासून घरात त्याचीच बाजू आहे.

तर रविवारी दोघं गेलो. हिमालयन ४५० वर नुसतं बसून बघितलं. मला उतरावंसं वाटेना, हिला चढता येईना. विषय संपला. व्ही-स्ट्रॉम चालवली, गाडी काय पळते हो, हलकी, सरळ बसायला होतं, हिला पण मागची सीट आवडली. पण मारुती मंदिरच्या सर्कलला थांबलो, रस्ता माझ्या बाजूला खोल होता, पाय टाकला तो हवेतच, आणि हिने मागून खांदा असा धरला की दोन दिवस दुखत होता. मास्तरीणबाईंची आठवण आली. सीबी ३५० आवडली, इंजिन अगदी मऊ, हिचं म्हणणं मागे धरायला काही नाही.

मग मिटिऑर. सीट ७६५, दोन्ही पाय सपाट जमिनीवर, पंधरा लिटरची टाकी, मॅगव्हील, मागे पाठ टेकायला बॅकरेस्टवालं मॉडेल. शोरूमच्या दारातल्या स्पीडब्रेकरवरच हिने "आई गं" केलं आणि मी म्हटलं झालं, ही पण गेली. पण पानादादांचं आठवलं. पोराला म्हटलं मागचा शॉकअप दोन खाचा वाढवून दे. तो म्हणाला सर असं कोणी मागत नाही. मग पाना शोधायला वर्कशॉपमध्ये गेला, दहा मिनिटं आला नाही, तोपर्यंत मी वाऱ्याच्या सल्ल्याप्रमाणे मागे जाऊन शेल्फ बघून आलो, लिव्हर आणि केबल होत्या, दाखवल्या. खाचा वाढवल्या, हवा बघितली तर मागच्या टायरला डबलसीटला पाहिजे त्यापेक्षा चांगली कमी होती, ती भरली, आणि सरळ भाट्याचा पूल ओलांडून पलीकडची चढण. तोच मेला स्पीडब्रेकर येताना परत लागला तर ही काही बोललीच नाही. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली कुठे काय झालं.

बोरिवलीचे भाऊ, चढणीला पुढे वाळूचा डंपर होता. तिसऱ्यावर टाकून मागे टाकला, फार झपकन् नाही, पण टाकला. मला तेवढं पुरे. आता शंभरच्या पुढे जाऊन मला पोचायचंय कुठे, गोळपला?

बुकिंग केलं. रंगावरून एक दिवस भांडण झालं, हिचा रंग आला. १२५ ठेवतोय, वडील म्हणाले मला लागेल आंब्याच्या बागेत जायला, आत्तापर्यंत कधी लागली नव्हती.

बोरिवली_ते_राजापूर

अभिनंदन भावा. राजापूरला ये, रेस लावू. हरशील पण चहा माझ्याकडे.

कुडाळचो_झिल

कन्याकुमारीक जातलस तेव्हा कुडाळाक थांब. जेवण आमच्याकडे, वहिनींका सांग मासे खाणार काय ते आधी कळव. आणि मरवंथेला दोन तास धर, नायतर मंगळुराक अंधार होतलो.

चिपळूणचा_पाना

पहिली सर्व्हिस पाचशे किलोमीटरला, तोपर्यंत ऐंशीच्या आत ठेव आणि एकाच स्पीडला तासभर चालवू नको. चेनला पाचशे किलोमीटरला ल्यूब, पावसात त्याच्या निम्म्याला. जुनं इंजिन ऑइल चोपडू नको चेनला, आपल्याकडच्या लाल मातीशी त्याचा काला होतो आणि मग तो पॉलिश पेपरासारखा चेन खातो. फेरीबोटीतून उतरलास की त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी धू, खालून, पाईपने, प्रेशर मशीनने नाही.

गुहागरची_मास्तरीण

अभिनंदन! वहिनींना सांगा फेरीला उतरून चालायचं. पाडव्याला संध्याकाळी जयगडला फोटो काढायला जायचा विचार असेल तर नका जाऊ, कालच अमावस्या झालेली असते, उधाणाची ओहोटी, जेटी पार खालपर्यंत उघडी पडते.

गोळपवाला

अहो तोच विचार होता 😀 पाडवा म्हणजे प्रतिपदा, एक पाऊण पाऊण, म्हणजे भरती पाऊण वाजता. गाडी दहाला मिळतेय, पूजेला अर्धा तास, हिला तयार व्हायला एक तास. आरे-वारे मार्गे पाऊणच्या सुमाराला जयगड. बसतंय बरोबर.